खारेपाटाचा जुना नकाशा काय सांगतो?



जमिनीचा कागद म्हटला की आपल्याला प्रथम सातबारा आठवतो. जमीन कोणाच्या नावावर, क्षेत्र किती, पीक कोणते, बोजा कोणाचा, हे सारे त्यात असते. परंतु ती जमीन पूर्वी काय होती, हे सातबारा सांगत नाही. देशावरच्या काळ्या रानात या प्रश्नावाचून एक वेळ चालेल. खाडीकाठच्या खारी जमिनीत मात्र चालत नाही, कारण ती जमीन मुळात माणसाने बांध घालून भरतीच्या पाण्यातून काढलेली असते. कोणत्या जागी पूर्वी वाहती खाडी होती, कोणत्या जागी तिवरांचे बन होते आणि कोणता उंचवटा आधीपासून कोरडा होता, हे ज्याला ठाऊक त्याला आपला बांध कोठे दगा देईल हेही बरेचसे ठाऊक असते. ही माहिती जुन्या नकाशात मिळते. तो कसा वाचावा, हे आज पाहू.

उदाहरणासाठी रायगड जिल्ह्यातील अलिबाग-पेणचा खारेपाट घेऊ. १९८१ पूर्वी या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. अंबा नदी जेथे समुद्राला मिळते त्या धरमतर खाडीच्या दोन्ही अंगांना ही सपाट भातजमीन पसरली आहे. पालघर, ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठी ज्यांची शेते आहेत, त्यांना यातील बहुतेक गोष्टी आपल्याच गावच्या वाटतील.

दोन तऱ्हेचे नकाशे

आपल्या उपयोगाचे जुने नकाशे मुख्यतः दोन. पहिला गावनकाशा आणि दुसरा भूरूपदर्शक नकाशा, ज्याला सर्वजण 'टोपोशीट' म्हणून ओळखतात.

गावनकाशाचा जन्म शेतसाऱ्यासाठी झाला. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातील पद्धतशीर मोजणी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी ती बसवली व पुढे ती इलाखाभर पसरली. मोजणीची साखळी ३३ फुटांची असे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एक एकर, हा हिशेब आजही आपल्या तोंडी आहे. शेताच्या कोपऱ्यांवर दगड पुरले, प्रत्येक शेताला नंबर दिला, टिपण काढले आणि सर्व शेते जुळवून गावाचा नकाशा तयार केला.

दुसरा नकाशा साऱ्यासाठी नव्हता. तो देशाची ठेवण समजावी म्हणून, आणि खरे सांगायचे तर लष्कराच्या व राज्यकारभाराच्या सोयीसाठी होता. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. डोंगरमाथ्यावर खूण करायची, एका टोकावरून दुसरे टोक दुर्बिणीने पाहून कोन मोजायचे आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत जायचे, अशी ही रीत. आपल्या दक्षिण कोकणाची मोजणी थॉमस बेस्ट जर्व्हिस याने १८१९ पासून केली. पुढे १९०५ नंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाने, एक इंचास एक मैल या मापाचे रंगीत नकाशे देशभर नव्याने करावयास घेतले. स्वातंत्र्यानंतर मेट्रिक मापे आली, तेव्हा त्यांची जागा एकास पन्नास हजार मापाच्या नकाशांनी घेतली. या नकाशावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर.

गावनकाशा शेताची हद्द सांगतो, पण पाणी कोठून येते ते फारसे सांगत नाही. टोपोशीट पाण्याची वाट दाखवते, पण तुमचे शेत त्यात टिपक्याएवढेही दिसत नाही. म्हणून खारेपाटाच्या शेतकऱ्याने दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

कागद उघडल्यावर काय पाहावे?

टोपोशीटवर पाणी निळे, झाडझाडोरा हिरवा, लागवडीची जमीन पिवळी, वस्ती व रस्ते तांबडे आणि समउंचीच्या रेषा तपकिरी असतात. डोंगराळ भागात या तपकिरी रेषा दाट असतात. खारेपाटावर बोट ठेवा, तेथे एकही रेषा दिसणार नाही! नेहमीच्या मेट्रिक नकाशावर समउंचीची पहिली रेषा समुद्रसपाटीपासून २० मीटरवर असते आणि आपला अख्खा खारेपाट तिच्या कितीतरी खाली असतो. शेत आणि खाडी यांच्या उंचीत जो हात-दोन हातांचा फरक आहे, ज्यावर वर्षाचे भात अवलंबून असते, तो या नकाशात रेषांनी दाखवलेला नसतो.

मग पाहायचे काय? बांधाच्या रेषा पाहा. निळ्या नाळा पाहा, म्हणजे खाडीचे बारीक फाटे. दलदलीची झुडपासारखी खूण पाहा. मिठागरांचे चौकोन, तळी, विहिरी आणि वस्तीची जागा पाहा. एक सावधगिरी मात्र बाळगा. या मापाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. तेव्हा बांधाची रेषा ही केवळ खूण आहे, ती बांधाची रुंदी नव्हे. तिच्यावर पट्टी ठेवून शेजाऱ्याशी हद्दीचा वाद घालू नये. हद्दीसाठी टिपण, फाळणी आणि गुणाकार बुक आहेत.

नकाशाच्या समासात मोजणीचे वर्ष छापलेले असते. ते आधी वाचावे. छपाईचे वर्ष वेगळे, मोजणीचे वेगळे. नकाशा ज्या वर्षी मोजला त्या वर्षाची साक्ष देतो, पुढची नाही.

आणखी एक अडचण कोकणातल्या पुष्कळांना येते. अलिबाग व पेण यांच्या मधूनच ७३ अंशांचा रेखांश जातो आणि टोपोशीटचा कागद तेथे बदलतो. अलिबाग शहर ४७ बी/१४ या कागदावर, तर पेण ४७ एफ/२ वर. त्यामुळे खारेपाट दोन कागदांत विभागला जातो. दोन्ही मिळवून, कडा जुळवून पाहावे.

शून्य कोठे धरावे?

आता थोडा हिशेब. हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण बांधाची उंची ठरवताना याचाच घोटाळा होतो.

जमिनीच्या नकाशात उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. मुंबईसह नऊ बंदरांवर भरती-ओहोटीची वर्षानुवर्षे मोजमापे घेऊन ही पातळी ठरवली होती. सरासरी म्हणजे भरतीही नव्हे आणि ओहोटीही नव्हे, तर दोहोंच्या मधली पातळी. वर्तमानपत्रात मात्र 'आज ४.९ मीटरची भरती' असे येते, ते आकडे नाविकांच्या नकाशातील शून्यापासून मोजलेले असतात. गलबत तळाला टेकू नये म्हणून नाविक आपले शून्य ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीजवळ धरतात. मुंबईला या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचे अंतर आहे.

म्हणजे वर्तमानपत्रातील ४.९ मीटरमधून अडीच वजा केले की जमिनीच्या नकाशाच्या भाषेत ती भरती सुमारे २.४ मीटर उंचीची होते. तुमचे शेत नकाशाप्रमाणे १ मीटर उंच आहे असे कोणी सांगितले, तर 'चला, समुद्राच्या वर आहे' म्हणून निश्चिंत होऊ नका. अशा उधाणाला पाणी त्या शेताच्या पातळीहून सुमारे दीड मीटर वर उभे असते. त्याला अडवून धरतो तो केवळ बाहेरकाठा. शिवाय वाऱ्याची लाट, आणि पावसाळ्यात नदीला आलेला लोंढा, हे त्या आकड्यात धरलेले नसतात. खाडीच्या आतल्या टोकाला पाण्याची उंची मुंबईपेक्षा निराळीही असू शकते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला आपल्याच उघाडीजवळ एक खुणेचा खांब पुरून पाणी कोठवर चढले ते लिहून ठेवावे. नकाशावरच्या कोणत्याही आकड्यापेक्षा ती खूण तुमच्या बांधासाठी खरी.

मेलेली खाडी ओळखावी कशी?

जुन्या नकाशाचा सर्वांत मोठा उपयोग हा.

खार बांधताना जुन्या लोकांनी खाडीचे लहान फाटे अडवले, चिखलाचे ढेपे रचून बुजवले आणि त्यावर खाचरे काढली. दोन पिढ्यांत वरून सारे सारखे दिसू लागले. परंतु खालची माती सारखी नाही. जुन्या नाळेत साचलेला गाळ मऊ व भुसभुशीत राहतो. त्यावरून गेलेला बांध आजूबाजूच्या बांधापेक्षा अधिक खचतो आणि खालून पाणी झिरपते. उधाणाला खांड पडते ती अशा जागी पुन्हा पुन्हा पडते. गावकरी म्हणतात, 'ही जागाच वाईट.' तिच्या वाईटपणाचे कारण पुष्कळदा नकाशात निळ्या रेघेने दाखवलेले असते.

गावनकाशातही खूण सापडते. मोजणीच्या नंबरांच्या हद्दी बहुधा सरळ असतात. त्यात एखादी हद्द सापासारखी वळसे घेत गेली असेल, तर ती बहुधा जुन्या नाळेच्या काठाने गेलेली असते. एखादा आतला बांध खाडीपासून दूर असूनही कमानीसारखा वाकलेला असेल, तर तो एके काळचा बाहेरकाठा समजावा. जसजसा खार पुढे वाढला, तसतसे बाहेर नवे बांध पडले आणि जुने आत राहिले. झाडाच्या खोडाला वर्षांची वलये असतात, तशी ही बांधांची वलये.

शेतात उभे राहून याची खात्री करता येते. मार्च-एप्रिलमध्ये जमीन सुकली की मिठाचा पांढरा थर कोठे आधी धरतो ते पाहा. तो पट्टा नकाशातल्या निळ्या रेघेशी जुळतो का? भाताची रोपे दर वर्षी कोठे पिवळी पडून मरतात? खेकड्यांची भोके बांधाच्या कोणत्या भागात जास्त? तिन्ही खुणा एका ओळीत आल्या तर संशय राहू नये. तेथील माती तपासणीला द्यावी. विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली की जमीन खारी धरतात, आणि बहुतेक साध्या भातजातींना त्याच्याही आधीपासून त्रास सुरू होतो.

अशा पट्ट्यात काय करावे? पहिल्या पावसाने क्षार धुऊन जाऊ द्यावेत, पेरणीची घाई करू नये. उघाडी ओहोटीच्या वेळी चालू ठेवून मचूळ पाणी बाहेर काढावे. बियाणे खार सोसणारे घ्यावे. आपल्या जुन्या काळा राता, भुरा राता या जाती लोकांनी उगीच जपल्या नव्हत्या. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २, ३ या जातीही त्यासाठीच आहेत. आणि जेथे भात येतच नाही, तेथे जिताड्याचे तळे ठेवणे हा खारेपाटाचा जुना शहाणपणा आहे. खोलगट नाळेला भातखाचर करण्याचा हट्ट धरण्यापेक्षा तळे बरे. घर मात्र अशा जागी बांधू नये. भराव कितीही चांगला केला तरी खालचा गाळ बसतच राहतो आणि भिंतीला तडे जातात.

वस्ती जेथे आहे तेथेच का?

खारेपाटाच्या टोपोशीटवर तांबड्या टिपक्यांची वस्ती पाहा. ती सगळीकडे सारखी विखुरलेली नसते. घरे एका ओळीत किंवा एका गठ्ठ्यात असतात, आणि त्यांच्याजवळ बहुधा तळ्याची अथवा विहिरीची निळी खूण असते. ज्या उंचवट्यावर गोडे पाणी टिकले आणि उधाणाचे पाणी चढले नाही, तेथे माणूस राहिला. आज रस्त्याच्या सोयीसाठी नवी घरे सखल बाजूला जात आहेत, तेव्हा जुन्या वस्तीची हद्द एकदा नकाशात पाहून घ्यावी. आजोबा-पणजोबांनी शेताजवळ घर न बांधता एवढ्या दाटीत का बांधले, याचे उत्तर तेथे मिळेल.

गावांच्या व शिवारांच्या नावांतही नकाशा दडलेला असतो. खार, खारी, खाजण, मळी, बेट, बंदर, कोंड असे शब्द असलेली शिवारनावे एका कागदावर लिहून काढा. ज्या शिवाराला 'बंदर' म्हणतात आणि जेथे आज भात उभे आहे, तेथे कधी तरी होड्या लागत असल्या पाहिजेत. गोव्यातही अशा जमिनींना खाजणच म्हणतात. तेथील गांवकारीने बांध व मानशी सांभाळल्या आणि कोर्गुट भात पिकवले.

मात्र नकाशा सर्व काही सांगत नाही. बांध कोणी घातला, हे त्यात नाही. १८८३ साली छापलेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये खारी जमिनीच्या शिलोत्री वहिवाटीची नोंद आहे. 'जोळ' म्हणून सर्वांनी मिळून बांध राखण्याची जुनी पद्धत खारेपाटात होती. राबणारे हात कुळांचे आणि धान्याची रास दुसऱ्याच्या खळ्यात, असेही पुष्कळ वर्षे चालले. १९३३ मध्ये चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो सुमारे सहा वर्षे टिकला, तो याच जमिनीसाठी. नकाशा वाचताना ही माणसे विसरू नयेत.

भात होते तेथे तिवरे

आता ज्यासाठी आज पुष्कळ कुटुंबे हवालदिल आहेत तो प्रश्न. बांधाला खांड पडली, वेळेवर बुजवली गेली नाही, शेतात दोन-चार वर्षे खाडी खेळली आणि तिवरांचे बी वाहून येऊन रुजले. दहा-पंधरा वर्षांत तेथे बन उभे राहते. सातबाऱ्यावर भाताचे शेत, आणि उपग्रहाच्या चित्रात हिरवे कांदळवन. २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील कांदळवनांच्या रक्षणाचे कडक आदेश दिले. ती तोडणे वा त्यावर भराव टाकणे यास मनाई आहे, मग जमीन खाजगी का असेना.

अशा वेळी जुना नकाशा कामाला येतो. अमुक साली येथे बांध होता आणि आत लागवड होती, हे त्यात छापील दिसते. जमीन कशामुळे गेली, बांध सरकारी खारभूमी योजनेतला होता की खाजगी, दुरुस्तीची मागणी कधी केली होती, या प्रश्नांना त्याच्या जोडीने उत्तर देता येते. परंतु नकाशा म्हणजे झाडे तोडण्याचा परवाना नव्हे. कुऱ्हाड चालवली की आपलीच बाजू लंगडी होते. शिवाय बांधाच्या बाहेरचे तिवर लाटेचा जोर मोडते आणि माती धरून ठेवते. बाहेरचे बन राखणे आणि बांध वेळेवर दुरुस्त करणे, ही दोन्ही कामे एकाच शेताच्या भल्याची आहेत. खांड पडल्याच्या पहिल्या वर्षीच ती बुजवणे, हाच यावरचा खरा उपाय. म्हणून खांड पडली की तारखेसह लेखी अर्ज द्यावा आणि पोच घेऊन जपून ठेवावी.

गावाने करावयाचे काम

किनाऱ्यापासून ८० किलोमीटरच्या पट्ट्यातील टोपोशीट पूर्वी कित्येक वर्षे निर्बंधित वर्गात असल्याने सामान्य माणसाला सहज मिळत नसे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांसाठी खुल्या नकाशांची मालिका आली आणि २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. आता सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून नकाशे घेता येतात. घरातील शिकलेल्या मुलामुलींना हे काम सांगावे. मात्र खुल्या मालिकेतील कागदांचे क्रमांक जुन्या ४७ बी, ४७ एफ यांहून निराळे असतात, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे. गावनकाशा व टिपणाची नक्कल तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात अर्ज करून मिळते.

नकाशे हाती आले की पुढील क्रमाने जावे.

१. गावनकाशावर पारदर्शक कागद ठेवून बांध, उघाड्या, तळी व विहिरी उतरवून घ्याव्यात.

२. टोपोशीटवरील जुन्या नाळा अंदाजाने त्याच कागदावर निळ्या पेन्सिलीने काढाव्यात.

३. गावातील वृद्धांना बरोबर घेऊन ओहोटीच्या वेळी सबंध बाहेरकाठ्यावरून चालत जावे. कोठे, कोणत्या साली खांड पडली ते तांबड्या पेन्सिलीने लिहावे.

४. कोणत्या विहिरीचे पाणी कधीपासून मचूळ झाले, हे घरातील बायकांना विचारावे. पाणी भरणाऱ्या माणसाइतकी याची खबर कोणालाच नसते. तेही कागदावर मांडावे.

५. निळी रेघ आणि तांबडी खूण जेथे एकत्र येतील, त्या जागा दुरुस्तीच्या यादीत सर्वांत वर घ्याव्यात. एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी, एक खारभूमी विभागाकडे अर्जाबरोबर द्यावी आणि एक शाळेत लावावी.

या कामाला खर्च थोडा आणि दिवस चार-पाच. भात झोडून झाले की होळीपर्यंत खारेपाटात तेवढी उसंत मिळते, जमीनही पायाखाली घट्ट असते. ज्यांना जुन्या खांडींची साले पाठ आहेत अशी माणसे गावोगाव आता मोजकीच उरली आहेत. त्यांना घेऊन बांधावरची ही फेरी याच हंगामात करावी.